खावटी, उंधा बदला आणि स्वस्त शेअर

डहाणूत बसून शेअर उसने घेण्याचा इतिहास कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण वस्तू उसनी घ्यायची आणि तीच नव्हे, तशीच दुसरी परत करायची, हा व्यवहार डहाणू-तलासरीला चांगला ठाऊक आहे. त्याचं नाव खावटी.

पावसाळ्यात घरातलं भात संपलं की वारली कुटुंब सावकाराकडून भात उचलायचं. पीक आल्यावर दीडपट, कधी दुप्पट फेडायचं. आता पाहा, पावसाळ्यात धान्य महाग, सुगीत स्वस्त. महाग असताना उचला, स्वस्त झाल्यावर फेडा. बाजारातला मंदीवाला हेच तर करतो! मग वारली बुडाला का? एक तर त्यानं भात विकलं नाही, खाल्लं. दुसरं, माप सावकाराचं, वही सावकाराची, वाढीचा दरही त्याचाच. फिटलं नाही तर अंगमेहनत. लग्नासाठी कर्ज काढलेला तर लग्नगडी म्हणून राबायचा. 1945च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं, वेठ नाकारायचं ठरलं, ते या पार्श्वभूमीवर.

आता मुंबईकडे वळू. मंदीवाला उसना शेअर 10 रुपयांना विकतो. भाव 6 झाला, तर परत विकत घेऊन 4 रुपये कमावतो. भाव शून्यापलीकडे उतरत नाही, म्हणजे नफा फार तर 10. पण भाव 40 झाला तर तोटा 30, आणि वर मर्यादाच नाही.

जुन्या बदला पद्धतीत पैसे नसलेला तेजीवाला व्याज देऊन सौदा पुढे ढकलायचा. उलट शेअरचीच टंचाई झाली, की मंदीवाल्याला शेअरवाल्याकडे आकार भरावा लागे. तो उंधा बदला. 1982 मध्ये कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी हाती नसलेले रिलायन्सचे शेअर विकले. अंबानींच्या बाजूच्या दलालांनी ते घेतले आणि प्रत्यक्ष शेअर मागितले. द्यायला शेअर नव्हते. मुंबईचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला.

2001 मध्ये सेबीनं बदला बंद केला. एप्रिल 2008 पासून बाजारातच शेअर उसने देण्या-घेण्याची सोय झाली. इथे मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं, तारण घेतं, परतफेडीची हमी देतं. म्हणजे माप तिसऱ्याच्या हातात गेलं. हा मोठा फरक आहे.

पण ही सोय निवडक शेअरांनाच. दोन-पाच रुपयांच्या सट्ट्याच्या शेअरांना ती सहसा मिळत नाही. त्यातले बरेच ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात असतात. तिथे आज विकून आजच परत घेणं चालत नाही, विकलेला शेअर द्यावाच लागतो. हेतू चांगला, सट्टा आवरण्याचा. परिणाम मात्र असा, की ‘हा भाव खोटा आहे’ असं ज्याला वाटतं, त्याला त्यावर पैसे लावायची वाटच उरत नाही. बोलायला फक्त तेजीवाले. आणि बहुतेक शेअर दोन-चार हातांत असले, की आपसांत घेऊन-देऊन भाव चढवता येतो. शेवटी फोनवरच्या ‘टिप’वर घेणारा येतो. पुढे भाव उतरायला लागला की रोज खालचं सर्किट, आणि गिऱ्हाईक नाही.

मंदीवाला साधू नसतो. अफवा पसरवून भाव पाडणारेही झाले आहेत. पण तो नसला की बाजार प्रामाणिक होत नाही, एकतर्फी होतो. तेव्हा आपल्या तालुक्यातल्या मुलांना मी एवढंच सांगेन: स्वस्त शेअर घेण्याआधी भाव विचारू नका, माप कोणाच्या हातात आहे ते विचारा. शेअर कोणाकडे आहेत, रोज खरेदी-विक्री किती होते, हे बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. सावकाराची वही वारल्याला कोणी दाखवत नव्हतं. ही वही उघडी आहे.

आता प्रश्न घेऊ.