धक्क्यांचा बंदोबस्त

रेडिओ-लहरींवर चालणाऱ्या वाहनांच्या इतिहासात ज्याची अपूर्णताच त्याच्या दीर्घायुष्याला कारणीभूत झाली असे एखादे वाहन दाखवावयाचे झाल्यास, जपानमधील शिझुओका येथील तामिया कारखान्याने 1987 साली बाजारात आणलेल्या ‘क्लॉड बस्टर’ या मॉन्स्टर ट्रकाकडेच प्रथम बोट करावे लागेल. 1946 मध्ये लाकडाचा व्यवसाय म्हणून सुरू झालेल्या या पेढीने 1976 साली पोर्शे 934 ची रेडिओनियंत्रित प्रतिकृती काढली, ती सपाट जमिनीवरच शोभणारी होती. 1979 च्या ‘सँड स्कॉर्चर’ने हा खेळ वाळूत नेला, आणि 1986 च्या ‘ब्लॅकफूट’पासून त्याला प्रचंड चाकांचा नाद लागला.

हा नाद मूळचा अमेरिकेचा. मिसूरी राज्यात सेंट लुईस शहरालगत राहणाऱ्या बॉब चँडलर या गृहस्थाने आपल्या 1974 च्या फोर्ड पिकअपला उत्तरोत्तर मोठी चाके आणि पुढे लष्करी वाहनांचे अवजड अ‍ॅक्सल बसवून ‘बिगफूट’ सिद्ध केला. 1981 साली एका शेतात त्याने त्या चाकांखाली मोडक्या मोटारी चिरडून दाखविल्या, आणि पाहता पाहता त्या प्रयोगाचा सार्वजनिक तमाशा झाला. त्या काळच्या अशा ट्रकांखाली मालमोटारीचे पोलादी पाटेच असत. त्यामुळे उडी घेऊन भुईवर आलेले धूड पाट्यांकडून पुन्हा वर भिरकावले जाई आणि सांगाडा व चालकाची पाठ या दोहोंनाही त्याची झळ पोचे.

क्लॉड बस्टरमध्ये हीच व्याधी लहान प्रमाणात, परंतु अधिक चमत्कारिक स्वरूपात उतरली. सहा इंचांहून अधिक व्यासाचे पोकळ रबरी टायर, चारही चाकांना गती, चारही चाकांना वळण, आणि पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलवर एकेक विद्युत्-मोटर आपल्या दंतचक्रांसह थेट आरूढ झालेली, अशी त्याची रचना होती. याचा परिणाम असा की स्प्रिंगांच्या खालचा भार फार आणि वरचा अगदी थोडा. त्या थोड्या भाराला पेलण्यासाठी मात्र तब्बल आठ शॉकॲब्सॉर्बर, तेही तेलाचे नसून नुसत्या घर्षणावर चालणारे. ट्रक दिसे भारदस्त, पण खडबडीत जमिनीवर चेंडूसारखा उसळे.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. स्प्रिंग आघात नष्ट करीत नाही, क्षणभर साठवून परत करते. तो खर्ची घालणे हे शॉकॲब्सॉर्बरचे काम. कोरड्या घर्षणाचा विरोध वेगाबरोबर वाढत नाही, म्हणून लहानशा खड्ड्यावर ते दांड्याला अडवून धरते आणि मोठ्या उडीनंतर अपुरे पडते. सिलिकॉन तेलात बारीक छिद्रांचा पिस्टन सरकविला म्हणजे प्रकार उलटा होतो: चाकाला सावकाश हलण्यास तेल वाट देते, परंतु वेगाने आलेल्या धक्क्याला वाढत्या प्रमाणात विरोध करून त्याचे उष्णतेत रूपांतर करते. तेलाचा दाटपणा आणि छिद्रांचा आकार या दोन गोष्टींचा मेळ घालणे, यातच या कसबाचे सारे मर्म आहे.

घरोघरच्या हौशी कारागिरांनी जो इलाज शोधला, तो माझ्या मते कारखान्याच्या मूळ आराखड्याइतकाच आदरास पात्र आहे. त्यांनी आठांऐवजी चारच, पण लांब आणि तेलाने भरलेले शॉकॲब्सॉर्बर बसविले, मऊ स्प्रिंगा निवडल्या. आणि मोटरने चाकाला पीळ देताच उलट दिशेने फिरू पाहणारा अ‍ॅक्सल जागच्या जागी राहावा म्हणून वर-खाली लांब दांड्यांच्या जोड्या जोडल्या. मूळचा प्लॅस्टिकचा सांगाडा यासाठी अपुरा ठरला, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि नळ्यांचे सांगाडे आले. पुष्कळदा तामियाचे अ‍ॅक्सल आणि चाके एवढाच मूळ ऐवज शिल्लक राहून बाकीचा ट्रक मालकाच्या हातचा होई.

खऱ्या ट्रकांच्या मैदानातही याच सुमारास मोठी उलथापालथ झाली. 1988 च्या अखेरीस ‘इक्वलायझर’ नावाच्या ट्रकाने पाट्यांना रजा देऊन गुंडाळीच्या स्प्रिंगांवर भार घेतला, 1989 मध्ये जॅक विलमन यांच्या ‘टॉरस’ने चार दांड्यांची जोडणी स्वीकारली, आणि त्याच वर्षी चँडलरच्या आठव्या बिगफूटने नळ्यांचा संपूर्ण सांगाडा व नायट्रोजन वायूचे शॉकॲब्सॉर्बर आणून मागील सर्व रिवाज मोडीत काढले. टनावारी वजनाच्या यंत्राला आणि टेबलावर मावणाऱ्या खेळण्याला एकच तोडगा लागू पडावा, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

पुढे 1999 साली टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने इंधनावर चालणारा ‘टी-मॅक्स’ काढला. त्यात प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारे आणि आठही शॉकॲब्सॉर्बर तेलाचे असल्याने वेगाच्या भोक्त्यांचा ओढा तिकडे वळला. अखंड अ‍ॅक्सलाचा अभिमान बाळगणारे मात्र क्लॉडपाशीच राहिले, आणि त्यांच्या निष्ठेला उशिरा का होईना कारखानदारांची मान्यता मिळाली: 2015 मधील अ‍ॅक्सियलचा ‘एसएमटी 10’ आणि 2020 मधील लोसीचा ‘एलएमटी’ हे दोन्ही ट्रक अखंड अ‍ॅक्सल, लांब दांड्या व तेलाचे शॉकॲब्सॉर्बर यांसह खोक्यातूनच बाहेर आले, मोटर अ‍ॅक्सलवरून उचलून सांगाड्यात ठेवल्यामुळे क्लॉडचे जुने ओझेही त्यांच्या चाकांवरून उतरले.