किर्लोस्कर मंडळी आणि तिचे रसिक

किर्लोस्कर हे नाव आज उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाण्याचे पंप आणि तेलावरची एंजिने उभी राहतात. त्यात गैर काही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे जे छोटे दुकान थाटले, त्याचा वृक्ष फार मोठा झाला. परंतु बेळगाव जिल्ह्यातील ज्या गुर्लहोसूर गावी लक्ष्मणरावांचा जन्म झाला, त्याच गावाने त्यापूर्वी सव्वीस वर्षे आणखी एक किर्लोस्कर महाराष्ट्राला दिला होता. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब, ३१ मार्च १८४३ रोजी तेथे जन्मले. त्यांनी उभारलेल्या नाटक मंडळीने तीन-चार पिढ्यांच्या कानांना जे वेड लावले, त्याचा इतिहास हा जितका नटांचा तितकाच प्रेक्षकांचाही इतिहास आहे.

योगायोग असा की, १८४३ हेच मराठी नाटकाचेही जन्मवर्ष होय. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांस तसेच काही मराठीत करण्यास सांगितले आणि त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तेव्हा मराठी नाटकाच्या पाळण्याची दोरी कानडी हाताने हलविली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. भाव्यांच्या पद्धतीत मात्र एक उणीव होती. पदे सारी सूत्रधाराने म्हणावयाची, आणि राम, रावण वा सीता यांनी त्या पदांच्या अनुरोधाने ऐनवेळी सुचतील ती भाषणे करावयाची. गाणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी ती विभागणी होती.

ही विभागणी अण्णासाहेबांनी मोडली. त्यांचे बालपण कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या सहवासात गेले. पुढे शिक्षणासाठी ते धारवाड, कोल्हापूर, पुणे असे फिरले. अभ्यासापेक्षा नाटकवाल्यांना पदे रचून देण्यात त्यांचे मन अधिक रमे. १८६६ साली त्यांनी ‘भारतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढून पाहिली. ती टिकली नाही. मग चरितार्थासाठी बेळगावात शिक्षकी झाली, पोलीस खात्यातील नोकरी झाली, आणि शेवटी पुण्यास सरकारी कचेरीत लेखणी घासणे नशिबी आले. १८८० साली पारशी मंडळीच्या ‘इंद्रसभा’ या खेळाने त्यांच्या मनातील जुना निखारा फुलविला. तसे नाटक मराठीत का होऊ नये, असा हट्ट त्यांनी धरला आणि कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक झाले. अण्णासाहेब तेव्हा सदतीस वर्षांचे होते. त्या काळी हे वय नवा डाव मांडण्याचे मानले जात नसे.

त्या रात्री प्रेक्षकांनी नवे असे काय पाहिले? दुष्यंत स्वतः गात होता, शकुंतला स्वतः गात होती, कण्वाचा विरह कण्वाच्याच कंठातून येत होता. गद्य भाषणे लिहून पाठ केलेली होती. आणि पदे तरी किती, दोनशेच्या आसपास! पण ती शास्त्रीय गवयांच्या बैठकीसारखी लांबविलेली नव्हती. दोन-चार ओळींत भाव सांगून ती मोकळी होत आणि पुन्हा बोलणे सुरू होई. चाली कोठल्या, हे पाहिले तर अण्णासाहेबांची खरी दृष्टी कळते. कीर्तनातील साकी आणि दिंडी, बायकांच्या ओव्या, तमाशातील लावणी, रागदारीच्या चिजा आणि त्यांच्या बरोबरीने कानडी मुलखातील गाण्यांच्या चाली, असे जे जे लोकांच्या कानात आधीच मुरलेले होते, ते ते त्यांनी उचलले. त्यामुळे पद प्रथमच ऐकणाऱ्यालाही ते अर्धे ओळखीचे वाटे, आणि नाट्यगृहातून निघालेला मनुष्य ते गुणगुणतच घरी जाई. ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्या जन्मापूर्वीच्या त्या काळात गाणे गावोगाव पोहोचविणारे साधन म्हणजे हा गुणगुणणारा प्रेक्षकच होता.

१८८२ सालच्या ‘सौभद्रा’ने या प्रेमाचे वेडात रूपांतर केले. त्याला कारण झाला बडोद्याकडून आलेला एकोणीस वर्षांचा भाऊराव कोल्हटकर. रसिक त्याला ‘भावड्या’ म्हणत. हे नाव उपमर्दाचे नव्हते, लाडाचे होते. मोरोबा वाघोलीकरांचा अर्जुन आणि भाऊरावांची सुभद्रा ही जोडी पाहण्यासाठी लोक खेळामागून खेळ पाहू लागले. उंच स्वरातील भाऊरावांची तान संपते न संपते तोच ‘वन्समोअर’चा पुकारा होई. ही प्रथा पुढे फार बोकाळली. एकेक पद दोनदा, तीनदा म्हणावे लागे. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत लांबे, आणि रडणारी नायिका डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून रडे. रसिकतेच्या नावाखाली नाटकाच्या गळ्यावर फिरलेली ही सुरीच होती, असे आज म्हणता येते. पण तीच माणसे तिकिटाचे पैसे मोजत होती आणि त्यांच्याच जिवावर मंडळी जगत होती, हेही विसरता येत नाही.

अण्णासाहेबांना हे वैभव फार काळ पाहता आले नाही. ‘रामराज्यवियोग’ अपुरे टाकून २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच त्यांनी देह ठेवला. पहिला प्रयोग ते शेवटचा श्वास, हा सारा काळ जेमतेम पाच वर्षांचा.

संस्थापक गेला म्हणजे मंडळी मोडते, हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव होता. किर्लोस्कर मंडळी मोडली नाही. तिला सावरणाऱ्यांत एक गोविंद बल्लाळ देवल हे होते. ते मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण शिकलेले बेळगावात आणि तेथेच काही काळ शिक्षकी केलेले. अण्णासाहेबांचा सहवास त्यांना लाभला होता. तालीममास्तर म्हणून त्यांची शिस्त कडक होती. पदातील शब्द सुराखाली चिरडला जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष असे. त्यांच्या ‘मृच्छकटिका’ने मंडळीला नवे बळ दिले आणि १८९९ च्या ‘शारदे’ने तर पुराणातून बाहेर काढून थेट जरठ-बाला विवाहाच्या प्रश्नापाशी आणून उभे केले. (१९२९ साली झालेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात तो हरविलास सारडा यांच्या नावावरून, नाटकाशी त्याचे नामसादृश्य योगायोगाचे आहे. तरी तो योगायोग खरा मानणारे मराठी रसिक पुष्कळ भेटतात.) श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’पासून पारशी रंगभूमीवरील चालींचा नवा प्रवाह आणला, जुन्या रसिकांना तो रुचला नाही, तरुणांना रुचला.

१९०१ साली भाऊराव वारले तेव्हा मंडळीचे भाविक पोरके झाले. ‘आता किर्लोस्करांत काय उरले?’ हा प्रश्न त्यांनी विचारला असल्यास नवल नाही; आपल्या आवडत्या कंठाशिवाय मंडळीची कल्पनाच न करणे, हा निष्ठावंत रसिकाचा गुणही आणि दोषही आहे. त्याचे उत्तर १९०५ साली मिरजेस मिळाले. नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतलेच्या वेषात उभा राहिला, आणि पुढे बालगंधर्व या नावाने त्याने भाऊरावांची जागा नव्हे, एक निराळीच जागा निर्माण केली. त्याच्या लुगडे नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांचे मूल दगावले. खेळ बंद ठेवावा असे सुचविले गेले. त्यांनी ऐकले नाही. रसिकांचा हिरमोड होऊ नये म्हणून त्या रात्री तो बाप भामिनी होऊन हसला आणि गायिला. रसिकांच्या प्रेमाची किंमत नटाने किती मोजावी, असा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर निवर्तले आणि मंडळीतील दुवा तुटला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. प्रेक्षकांचा मोठा ओघ कंठामागोमाग गेला. किर्लोस्कर मंडळीपाशी नाव होते, नाटके होती; लोक मात्र निघाले होते. तिने आणखी एक डाव टाकून पाहिला. गोव्याच्या मंगेशीचा दीनानाथ नावाचा पोरगा तिने आणला आणि त्याच्या तेजस्वी, झेप घेणाऱ्या गळ्याने तिला थोडा काळ पुन्हा उभारी आली. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हेही निघाले व त्यांनी नवी मंडळी काढली. तिचे नाव ‘बळवंत संगीत मंडळी’. अण्णासाहेबांचे पाळण्यातले नाव बळवंतच होते.

मंडळी क्षीण झाली, परंतु तिने लावलेला नाद तिच्या मुलखात अनेक वाटांनी फुटला. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी आपली ललितकलादर्श मंडळी १९०८ साली स्थापिली ती हुबळीत. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मातृभाषा कानडी असूनही मराठी रंगभूमीवर गायिले आणि रसिकांनी त्यांना तशीच पदवी देऊन आपले म्हटले. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मराठी मंडळ्यांनी उत्तर कर्नाटकात एवढा जम बसविला की, आपल्या भाषेचे काय होणार, ही चिंता कानडी जाणत्यांना पडली. शांतकवींनी गदगेस कानडी नाटक मंडळी उभारली ती या चिंतेतूनच. त्या ईर्षेतून कानडी व्यावसायिक रंगभूमी बलवान झाली, आणि बेळगाव जिल्ह्यातीलच एणगी बाळप्पा हे तिचे थोर नट शतायुषी होऊन २०१७ साली निवर्तले. सांगलीस आलेल्या त्या भागवत मंडळींचे ऋण अशा रीतीने, थोडे भांडून का होईना, फेडले गेले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, आणि गुर्लहोसूर, बेळगाव, निपाणी ही गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. त्यानंतरचा वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या वादात अण्णासाहेबांचे नाव दोन्ही बाजूंनी पुढे केले जाऊ शकते. मराठीचा अभिमानी ‘सौभद्रा’कडे बोट दाखवील, कन्नडचा अभिमानी त्यातील चालींकडे. दोघांचेही म्हणणे खरे ठरेल, कारण त्या चाली ज्याने उचलल्या त्याचा कानच दोन भाषांत वाढला होता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरले. अध्यक्षस्थानी फय्याज होत्या. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या संगीत नाटकातील झरिनेमुळे रसिकांनी त्यांना ओळखले होते. किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर जेथे भाऊराव आणि नारायणराव लुगडे नेसून उभे राहत, तेथे स्त्रीने स्वतः गावे, हे घडण्यास मध्ये बराच काळ जावा लागला होता.