पदवीची मोहीम : १९१३ ते १९२७



आजचा नकाशा लढाईचा नाही. मुंबई, न्यूयॉर्क, लंडन आणि बडोदे असे चारच ठिपके त्यावर आहेत. मोहीम आहे एका विद्यार्थ्याची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची.

ज्यांच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मुलीच्या एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळी एक विद्यापीठ ते मूळ कागद मागत होते. दुसरे म्हणत होते, आधी प्रवेशाचे पत्र दाखवा, मग कागद देऊ. दोन्ही कारकून नियमाने बरोबर होते! त्या दिवसांत मी बाबासाहेबांच्या पदव्यांच्या तारखा क्रमाने लिहून काढल्या आणि त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. अभ्यास पूर्ण झाल्याचे वर्ष एक आणि पदवी हातात आल्याचे वर्ष भलतेच.

सुरुवात रसदीपासून करू. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. अट अशी की परतल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए. झाले. पीएच.डी.चे काम हातात घेऊन १९१६ साली ते लंडनला पोहोचले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, अशा दोन आघाड्या एकदम उघडल्या. महायुद्ध चालू होते. मुदत वाढवून मिळाली ती एकाच वर्षाची, आणि १९१७ साली रसद तुटली.

इथे एक फौजी म्हणून मला थांबावेसे वाटते. माघार घेताना बहुतेक जण फक्त मागे पाहतात. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. खिशात पैसे नव्हते, परतीची शाश्वती नव्हती, पण परवानगी होती. हा कागद नसता तर पुढचे काहीच घडले नसते, असे माझे मत आहे. ते स्वतः ऑगस्ट १९१७ मध्ये सुखरूप मुंबईला पोहोचले. सामान मात्र वेगळ्या बोटीने येत होते आणि ती बोट पाणबुडीने बुडवली. पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्याची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये आले, तेच बडोद्याला जायच्या खर्चाला उपयोगी पडले.

बडोद्यात त्यांची नेमणूक महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून झाली. महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक असलेल्या सुभेदार रामजींचा हा मुलगा! पण शिपाई फायली लांबून फेकत, आणि राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, ती हकीकत त्यांनी स्वतः लिहिली आहे. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच संपला.

इकडे चार वर्षांचे घड्याळ चालूच होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, दरमहा साडेचारशे. त्यातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार उसने दिले. १९२० च्या उन्हाळ्यात ते पुन्हा लंडनला निघाले. मुदत उलटायच्या आत.

पुढे वेग पाहा. १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न. परीक्षकांनी त्यात बदल मागितले, आणि तेव्हाच पैसे पुन्हा संपत आले. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, प्रबंध इथे बसून सुधारला आणि परत पाठवला. वर्ष संपण्यापूर्वी तो मान्य झाला आणि प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकही निघाले.

राहिली कोलंबियाची पीएच.डी. तिथला नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी द्यायची नाही. नियमामागे कारण होते. छापलेले संशोधन इतरांना वाचता येते, तपासता येते. पण छपाईचा खर्च विद्यार्थ्याच्या डोक्यावर. श्रीमंत घरच्या मुलाला तो नियम दिसतही नसेल. बाबासाहेबांना त्याने कित्येक वर्षे थांबवले. अखेर १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ते पुस्तक काढले. प्रस्तावना प्रा. सेलिग्मन यांची, आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांना. ज्या संस्थानाने नोकरीत घर दिले नाही, त्याच्या राजाने शिकायला पाठवले होते, हे ते विसरले नाहीत.

प्रती जमा झाल्या, आणि पदवी रीतसर दिली गेली ती १९२७ च्या जूनमध्ये. तोवर ते मुंबईच्या कायदे मंडळाचे सभासद झाले होते. महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाणी प्यायले ते त्याच वर्षी २० मार्चला. पीएच.डी.चा कागद त्यानंतर आला.