कोयनेची वीज, कृष्णेचे पाणी



सातारा आणि सांगली ही नावे आपण आज दोन जिल्ह्यांची म्हणून उच्चारतो. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले व १९६० साली दक्षिण भागास सांगली हे नाव मिळाले. परंतु नद्यांना अशा वाटण्या ठाऊक नसतात. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोघी बहिणी निरनिराळ्या वाटांनी निघतात. कोयना सह्याद्रीच्या कुशीने सुमारे पासष्ट किलोमीटर दक्षिणेस उतरते, हेळवाकापाशी एकाएकी पूर्वेस वळते, आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. तेथून पुढे सांगलीस जाते ते पाणी दोघींचे. ज्या यंत्रविद्येने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या घरात दिवा आणि शेतात पाणी आणले, तिचा जमाखर्च या एका खोऱ्यापुरता मांडावा, असा आज माझा हेतू आहे. जमाखर्च हा शब्द मी समजूनच वापरतो. नव्या शक्तीचे गुणदोष सांगणारे पुष्कळ भेटतात. पण गुण कोणाच्या पदरात पडला आणि दोष कोणाच्या, ही चौकशी करणारा विरळा.

प्रारंभ लोखंडी नांगरापासून करू. बेळगावहून बाहेर पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात मोडते. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाच्या फाळाने जमिनीस विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता, ही गोष्ट आमच्या भागात अजून हसत हसत सांगतात. मीही वर्गात ती हसत सांगितली आहे. पण आता वाटते, त्या शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची आम्हांस फार घाई झाली. नवी वस्तू घरात घेताना ‘हिने माझ्या जमिनीचे काय होईल’ हा प्रश्न त्याने विचारला. उत्तर चुकले असेल, प्रश्न चुकला नव्हता.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर नांगराने नव्हे, पंपाने दिले. पूर्वी विहिरीवर मोट चाले. बैलांची जोडी, चामड्याची मोट, नाडा आणि मोटकऱ्याचे गाणे. दिवसभर राबून जेवढे पाणी वर येई, तेवढे रात्रीत झऱ्यांनी विहिरीत परत भरे. मोटेला अतिलोभ करताच येत नव्हता, कारण बैल थकत. पुढे तेलाचे इंजिन आले, किर्लोस्करवाडीचे पंप गावोगाव गेले, नंतर विजेची मोटर आली. बैलांचे हाल थांबले. पहाटे तीन वाजता उठून मोट धरणाऱ्या माणसाची पाठ मोकळी झाली. हे सुख लहान नव्हे. शहरी श्रोत्यांस मोट हे एक रम्य चित्र वाटते. जिने तिच्यामागे आयुष्य काढले त्या बाईला विचारावे. पण इंजिन थकत नाही. दिवसाचे पाणी तासात उपसले जाऊ लागले, उसाचे क्षेत्र वाढले, आणि विहिरी परस ओलांडून आणखी आणखी खोल गेल्या. ज्याच्याजवळ खोल खणण्यास पैसा होता त्याची विहीर जगली, शेजाऱ्याची आटली.

आता कोयनेकडे वळू. पश्चिम घाटाच्या कड्यावरून पाणी कोकणात सोडून वीज करण्याची युक्ती टाटांनी खोपोलीस १९१५ साली सिद्ध करून दाखवली होती. कोयनेवर तोच प्रयोग करण्याचा विचारही फार जुना. परंतु तो प्रत्यक्षात उतरला स्वातंत्र्यानंतर. नदी हेळवाकाजवळ अडवावयाची, तिचे पाणी पूर्वेस न जाऊ देता डोंगर पोखरून पश्चिमेस न्यावयाचे, आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळी येथे, डोंगराच्या पोटात बांधलेल्या वीजगृहातील चक्रांवर ते पाडावयाचे, अशी ही योजना. १९६२ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. पुढे टप्पे वाढत गेले. १९९९ साली भरल्या तलावाच्या तळाखालून बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडविण्यात आला. त्या साहसाचे कौतुक करावे तेवढे थोडे. आज सर्व वीजगृहे मिळून कोयनेची शक्ती १,९६० मेगावॅट आहे. मुंबईच्या कारखान्यांना आणि पुण्याच्या वसाहतींना या नदीने किती वर्षे हात दिला, त्याची गणती नाही.

ही झाली जमेची बाजू. ‘शिवसागर’ असे सुंदर नाव धारण करणाऱ्या त्या तलावाखाली कोयनाकाठची गावेच्या गावे गेली. माणसे सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. भातखाचरात वाढलेल्या माणसास ज्वारीच्या काळ्या रानात नेऊन सोडणे म्हणजे काय, हे नकाशावर दिसत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली; कोयनेचे पाणी त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधीच अडले होते. कायद्याच्या आधी उठलेल्या माणसांनी दाद कशाच्या आधारे मागावी? २०१८ साली धरणग्रस्त कोयनानगरास ठिय्या मांडून बसले तेव्हा त्यांत मूळ खातेदारांची नातवंडे होती. शिवाय तलावाच्या काठावरच्या कित्येक वाड्यांत, खाली डोंगराच्या पोटात एवढी वीज होत असता, वर्षानुवर्षे रॉकेलची चिमणीच जळत राहिली.

दुसरा खर्च कोणीच धरला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. मी आठ वर्षांचा होतो. आधी भांडी वाजली. आई म्हणाली मांजर असेल. मग फळीवरचा तांब्या माझ्या अंथरुणावर पडला आणि वडिलांनी आम्हां भावंडांना उचलून अंगणात आणले. थंडीत उभे राहून सारी आळी देवाचे नाव घेत होती. आमचे गाव दूर होते म्हणून तांब्यावर निभावले. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, धरणाच्या भिंतीस तडे गेले, आणि वीजपुरवठा तुटल्यामुळे मुंबईचे कारखाने बंद पडले. दख्खनचे पठार म्हणजे अचल खडक, असे आम्हांस भूगोलात शिकवीत. तो धडा त्या पहाटे बदलला. तलावात साठलेल्या पाण्याच्या भाराने व खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने भूकंपास चालना मिळू शकते, याचे जगातील ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कोयनेकडे बोट दाखवतात. अलीकडे केंद्र शासनाने याच परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खोदून भूगर्भाचा अभ्यास आरंभिला आहे. भिंत पुढे भक्कम करण्यात आली. बारीकसारीक धक्के मात्र अद्याप येतात, आणि पाटण तालुक्यातील माणूस ते हवापाण्याच्या गोष्टीसारखे सांगतो.

येथे थोडे गणित करण्याची परवानगी असावी. मास्तरकीची खोड जात नाही. एक अब्ज घनफूट पाणी, म्हणजे ज्यास पाटबंधारे खाते एक टीएमसी म्हणते, ते पोफळीस पडले तर सुमारे तीन कोटी युनिट वीज होते. तेवढेच पाणी पंपाने शंभर मीटर वर चढवावयाचे तर घर्षण वगैरे धरून सुमारे एक कोटी युनिट लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे सांगली जिल्ह्याचे दुखणे समजते. आटपाडी, जत, कवठे महांकाळ, खानापूर हे तालुके पर्जन्यछायेत. त्यांच्यासाठी टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर नेले जाते. म्हणजे नदीची एक बहीण डोंगराखाली उडी घेऊन वीज देते, आणि तशाच विजेने दुसरीला डोंगरावर चढवावयाचे! वीजबिल थकल्यामुळे हे पंप कितीदा बंद पडले, हे तेथल्या शेतकऱ्यास विचारावे. शेवटी बिलाचा एक्याऐंशी टक्के भार शासनाने सोसावा व एकोणीस टक्के शेतकऱ्याने, असे ठरले.

कृष्णा लवादाने कोयनेचे वर्षाकाठी ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेस वळवण्याची मर्यादा घातली. तलावाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे भरल्या तलावाचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा कोकणात उतरून समुद्रास मिळू शकतो. पावसाळ्यात याच्या उलट तंटा. वीज करणाऱ्यास तलाव लवकर भरलेला हवा. पुराच्या धास्तीत बसलेल्या सांगलीकरास तो काहीसा रिता हवा. २००५, २०१९ आणि २०२१ या साली आयर्विन पुलाच्या पट्टीवर पंचेचाळीस फुटांची धोक्याची खूण केव्हाच बुडाली, आणि पेठेतली माणसे रात्रभर धरणातून किती सोडले याच बातमीकडे कान लावून होती.

मग पाण्याचा नाद सोडून वारा धरावा, असे म्हणणारे निघाले. पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर, ठोसेघराजवळ चाळकेवाडीस, आणि सांगलीकडे ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. दुरून पाहता मोठी शोभा वाटते. धूर नाही, राख नाही. तथापि आरंभी त्या उभारणाऱ्या अनेकांस वाऱ्यापेक्षा प्राप्तिकरातील घसाऱ्याच्या सवलतीचे आकर्षण अधिक होते, हेही नमूद केले पाहिजे. पठारावरील जमिनी ज्या भावात गेल्या तो भाव विकणाऱ्यास पुढे फार बोचला. शिवाय आमचा वारा मुख्यतः आषाढ-श्रावणात सुटतो. शेताला वीज हवी असते फाल्गुन-चैत्र-वैशाखात. सूर्याचे तसे नाही, तो नेमका उन्हाळ्यात तळपतो. पण दिवस मावळला की त्याची कचेरी बंद. अशा वेळी दोन-चार मिनिटांत चालू होणारे पाण्याचे चक्रच उपयोगी पडते, म्हणून नव्या शक्तींच्या काळात म्हाताऱ्या कोयनेची किंमत कमी होण्याऐवजी वाढलीच.

सौरशक्तीकडून मला एका गोष्टीची खरी आशा आहे. शेतीची वीज वर्षानुवर्षे पाळीने, पुष्कळदा रात्रीची, मिळत आली. रात्री दोन वाजता विजेरी घेऊन उसात दारे धरावयास जाणे म्हणजे साप, विंचू, आणि अलीकडे कऱ्हाड-पाटणकडे बिबट्या. शहरात दिवसा पंखा फिरावा म्हणून शेतकऱ्याने रात्र जागवावी, ही वाटणी आम्ही मुकाट्याने मान्य केली होती. गावाजवळच सौरवीज करून ती दिवसा शेतीस देण्याची योजना राज्य शासनाने २०१७ साली आणली. म्हैसाळचे पंपही सूर्यावर चालवण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. तो पुरा झाला तर बिलाचे दुखणे हलके होईल. परंतु फुकट उन्हावर चालणाऱ्या पंपास थांब कोण म्हणणार? बैल थकत, तेल संपे, बिल येई. आता तोही अडसर गेला. विहिरीने काय करावे?

२०२३ साली पाऊस उणा पडला, तलाव पुरता भरला नाही, आणि दिवाळीच्या सुमारास सांगलीपाशी कृष्णेचे पात्र कोरडे दिसू लागले. कोयनेचे पाणी विजेसाठी राखावे की नदीत सोडावे, यावरून मोठा वाद माजला. मी त्या दिवसांत सांगलीस एका नातलगाकडे होतो. चहाच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर, जो तो टीएमसीचा हिशेब करीत होता: इतके वीजेला, इतके टेंभूला, इतके म्हैसाळला, इतके पिण्याला. आकडे बहुतेकांचे बिनचूक होते. त्या हिशेबात तलावाच्या तळाशी असलेल्या गावांचे नाव मात्र मी एकाच्याही तोंडून ऐकले नाही.