विकत घेतले, पण आपले झाले का?

मामलेदार कचेरीत कारकुनी करणाऱ्याच्या कानावर दिवसातून दहा वेळा तरी ‘मुंडकार’ हा शब्द पडतो. गोव्यातल्या वाचकांना त्याचा अर्थ सांगायला नको. घर उभे केले मुंडकाराने, अंगण सारवले त्याच्या बायकोने, पोरे वाढली तिथेच, पण खालची जमीन भाटकाराची. भाटकार भला असला तर चार पिढ्या सुखाने जात. त्याचे मन फिरले की चंबूगबाळे उचलण्याची वेळ. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ही टांगती तलवार दूर केली आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही दिला.

आता हे आठवायचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पैसे मोजून मोबाइलवर नाट्यसंगीताची पंचवीस-तीस पदे घेतली होती. पुढे मोबाइल बदलला. पदे नव्या मोबाइलमध्ये जाईनात. ज्यांच्याकडून घेतली त्यांना ईमेल लिहिली. उत्तर आले, की ती सेवा आता बंद झाली आहे, आणि आपण गाणी विकत घेतली नव्हती, ती ऐकण्याचा परवाना घेतला होता. ते उत्तर वाचले आणि कचेरीतल्या फायली डोळ्यांसमोर आल्या. पैसे माझे, मोबाइल माझा, कान माझे. पण जमीन भाटकाराची!

हे असे कधीपासून झाले? आमच्या लहानपणी तरी नव्हते. बाबांकडे एक टू-इन-वन होता. पणजी आकाशवाणीवर एखादे चांगले पद लागले की घरात सगळ्यांना गप्प बसवून ते टेप करायचे. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटी टोके असायची, ती मोडली की तिच्यावर दुसरे काही टेप होत नसे. आणि टेप करावेसे वाटलेच, तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची! म्हणजे कुलूप होते, पण किल्ली घरमालकाच्या हातात होती. पुढची सगळी गोष्ट ही किल्ली हातातून जाण्याची आहे.

तिचा पहिला मोठा खटला अमेरिकेत झाला. सोनी कंपनीने १९७५ साली बेटामॅक्स नावाचा व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवा आणि सवडीने बघा, एवढेच त्याचे काम. पण चित्रपटवाल्यांना धडकी भरली. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने या बड्या कंपन्यांनी सोनीवर दावा लावला. १९७९ साली खालच्या न्यायालयात सोनी जिंकली, १९८१ साली वरच्या न्यायालयात हरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे एकदा सुनावणी झाली, निकाल लागेना, म्हणून पुन्हा सुनावणी घेण्यात आली. अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनी जिंकली. घरी बसून नंतर बघण्यासाठी कार्यक्रम रेकॉर्ड करणे हा गुन्हा नव्हे, आणि ज्या यंत्राचा सरळ कामासाठी भरपूर उपयोग होतो ते बनवणाऱ्याला, कोणी त्याचा गैरवापर केला म्हणून दोषी धरता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

एका न्यायाधीशाचे मत इकडचे तिकडे झाले असते तर काय झाले असते, याचा विचार करून बघा. चवथीला वाड्यावर वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे बघायचे, हे आमच्या पिढीचे सुख कदाचित आलेही नसते. गंमत म्हणजे ज्या यंत्राला चित्रपटवाले आपला काळ समजत होते, त्याच यंत्रासाठी कॅसेट विकून पुढच्या काही वर्षांत त्यांनी थिएटरपेक्षाही जास्त कमाई केली.

पण चित्रपटवाले एक धडा शिकले. न्यायालयात यंत्राशी भांडण्यापेक्षा यंत्र बनत असतानाच त्याच्यात आपला माणूस बसवावा. १९८२ साली बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीवर कुलूप नव्हते. घरोघरी संगणक आले, तेव्हा तिची नक्कल पाच मिनिटांत होऊ लागली. म्हणून डीव्हीडी आली, जपानमध्ये १९९६ साली आणि अमेरिकेत १९९७ साली, ती कुलपासकटच आली. तबकडीवरचे चित्र सांकेतिक रूपात असे. ते उलगडण्याची किल्ली तबकडी घेणाऱ्याला मिळत नसे. ती मिळे प्लेअर बनवणाऱ्या कारखान्याला, तीही करारावर सही करून. आमच्या प्लेअरने काय करावे, काय करू नये, हे त्या करारात ठरलेले. सुरुवातीची इशाऱ्याची पाटी पुढे ढकलता येत नसे, आठवते ना? बटण दाबले की पडद्यावर नकाराची खूण येई. ते बटण आपले होते, पण ऐकायचे दुसऱ्याचे.

त्याच कराराने जगाचे विभाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा पहिल्या विभागात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, आणि आपला भारत आफ्रिका व रशियाबरोबर पाचव्यात. गोव्यातल्या किती घरांतले कोण ना कोण बोटीवर, आखातात किंवा पोर्तुगालमध्ये असते! तिकडून हौसेने आणलेली डीव्हीडी इकडच्या प्लेअरवर चालत नसे. संगणकातल्या ड्राइव्हला विभाग बदलण्याची मुभा असे ती पाच वेळा. पाचव्या वेळी जो विभाग निवडला तो कायमचा.

कुलूप म्हटले की ते उघडणाराही येतोच. म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. त्याने कुलूप तोडणे आणि तोडण्याचे साधन वाटणे हीच बेकायदा गोष्ट ठरवली. १९८४ च्या निकालाने दिलेला हक्क कोणी काढून घेतला नाही. तो कागदावर तसाच राहिला. फक्त त्या खोलीला कुलूप घातले आणि कुलपाला हात लावणे गुन्हा ठरवले. सरकारी भाषेची सवय असलेल्या मला ही युक्ती चांगली समजते. अर्ज नामंजूर करावा लागत नाही, खिडकी बंद ठेवली की पुरते.

पुढच्याच वर्षी, १९९९ साली, नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने आणखी काही जणांच्या साथीने डीव्हीडीचे हे कुलूप उघडणारा एक लहानसा प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकला. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर डीव्हीडी बघायची तर त्या काळी करारातला प्लेअरच नव्हता. त्याच्यावर खटला भरला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, आणि अपिलातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोच निकाल लागला. स्वतः पैसे देऊन घेतलेली तबकडी आपल्या यंत्रावर बघायला माणूस मोकळा आहे, हे सांगायला दोन न्यायालये लागली.

आता गाण्यांकडे वळू. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडले. एका गाण्याला ९९ सेंट. सोपे, स्वस्त, पण कुलूपबंद. ठरावीक संख्येच्या संगणकांवरच चालणार. मायक्रोसॉफ्टनेही एमएसएन म्युझिक नावाचे दुकान काढले. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिऱ्हाइकांना कळवले, की किल्ल्या देणारे आमचे सर्व्हर ३१ ऑगस्टनंतर बंद होतील, मग ती गाणी नव्या संगणकावर नेता येणार नाहीत. लोक खवळले, तेव्हा मुदत २०११ च्या अखेरीपर्यंत वाढवली. आमच्या बाबांच्या कॅसेटला अशी मुदतवाढ कधी मागावी लागली नव्हती.

त्याआधी, ३१ ऑक्टोबर २००५ रोजी, मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने एक धक्कादायक गोष्ट उघडकीला आणली. सोनी बीएमजी कंपनीची गाण्यांची सीडी संगणकात घातली की एक प्रोग्रॅम गुपचूप आत शिरतो आणि स्वतःला लपवतो, असे त्याला आपल्याच संगणकावर आढळले. नक्कल होऊ नये म्हणून ही पाळत होती. अशी ५२ शीर्षके बाजारात होती. त्या प्रोग्रॅमच्या आडोशाला व्हायरसही लपू लागले. शेवटी सोनीला सीडी परत घ्याव्या लागल्या आणि खटलेही मिटवावे लागले. गिऱ्हाइकाने व्हिडिओ रेकॉर्ड करावा म्हणून १९८४ साली लढलेली ती हीच सोनी. फरक इतकाच, की मधल्या काळात तिने गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या कंपन्या विकत घेतल्या होत्या. मुंडकाराचा भाटकार झाला की तो कसा वागतो, हे आमच्या गावांनीही पाहिले आहे!

सगळ्यात बोलकी गोष्ट पुस्तकांची. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने गिऱ्हाइकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्या हातातल्या यंत्रातून, दोन पुस्तके न विचारता पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण दिले आणि पैसे परत केले. पुस्तके कोणती? जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘१९८४’. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली. ॲमेझॉनच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. पण पुस्तकवाला रात्री घरात येऊन कपाटातले पुस्तक नेतो आणि टेबलावर पैसे ठेवून जातो, याला आपण साध्या भाषेत काय म्हणतो?

घरच्या संगणकाचेही तेच. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती गिऱ्हाइकालाही संगणक ‘ॲक्टिव्हेट’ करून घ्यावा लागू लागला, म्हणजे घराचा ताबा घेतल्यावर भाटकाराकडे नोंद. २०२१ साली विंडोज ११ आली, तिला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव सोय ठेवली, तरी धडधाकट चालणारे कितीतरी संगणक एका तारखेने म्हातारे ठरले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नकली सीडीच्या धंद्याने कलाकारांचे नुकसान झाले हे खरेच आहे. आमच्या तियात्रवाल्यांना आणि नाटकवाल्यांना विचारा. पण कुलपाने नकली धंदा थांबला नाही. नक्कल करणाऱ्याने कुलूप एकदाच तोडले, आणि त्रास झाला तो पावती घेणाऱ्याला. उलट २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा नकली मालाला खरी टक्कर मिळाली. गाण्यांच्या बाबतीतही अखेर शहाणपण आले. २००९ साली आयट्यून्सने गाण्यांवरचे कुलूप काढले. संगीताचा धंदा काही बुडाला नाही.

आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ६५-अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तोडले तर गुन्हा नाही. खासगी वापराला कलम ५२ मध्ये जागा आहेच. अमेरिकेपेक्षा आपला कायदा दयाळू म्हणावा लागेल. मात्र तो गिऱ्हाइकाला किल्ली मिळवून देत नाही. हक्क दिला, वाट दिली नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला. मिळतो तो फक्त परवाना असेल, तर ‘विकत घ्या’ असे बटण लावणाऱ्या दुकानाने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि पुढच्याच महिन्यात, २६ फेब्रुवारी २०२५ रोजी, ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोय बंद केली. एक पाऊल पुढे, एक मागे.

मुंडकाराला हक्क मिळाला तो भाटकाराच्या भलेपणामुळे नव्हे. पिढ्यान्पिढ्या राहतो, घामाने घर बांधतो, त्याचा त्या जागेवर काही अधिकार आहे, हे आधी लोकांना पटले आणि मग कायद्यात आले. आपल्याला मात्र आपण मुंडकार आहोत हेच अजून कळलेले नाही. ‘मान्य आहे’ या बटणावर आपण न वाचता बोट ठेवतो. मीही ठेवतो, कचेरीत दुसऱ्यांना ‘वाचून सही करा’ म्हणून सांगणारा!

बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या कॅसेटी बाहेर काढल्या. दोन बुरशीने गेल्या होत्या, बाकीच्या वाजल्या. मुलाच्या मदतीने त्या संगणकावर उतरवल्या आणि बहिणीलाही एक प्रत दिली. एका पदाच्या शेवटी बाबांचा आवाज आहे, “बंद कर गो आता.” तो ऐकायला मला कोणाचा परवाना लागला नाही.