सातवी सीट

गेल्या महिन्यात सात सीटची गाडी घेतली. पेढे, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, चावी हातात घेऊन फोटो... सगळं यथासांग झालं. पहिली लांबची फेरी अर्थात गावाकडे. वेल्ह्याच्या मेंगाईदेवीला नारळ फोडायचा हे बाबांनी गाडी बुक व्हायच्या आधीच ठरवलं होतं. (2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.)

नव्या गाडीबद्दलचं पहिलं मत विचाराल तर मस्त आहे. उंच बसल्यामुळे कात्रजच्या पुढचा हायवे मोकळा दिसतो. मधली रांग ऐसपैस. तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडून जरा कसरत करावी लागते, आणि सातही जण बसले तर डिकीत दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते. पण आम्ही पाचच जण होतो. आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी.

चेलाडी फाट्याला वळलो तर रस्त्याकडेला चार-पाच माणसं उभी. बाबा म्हणाले, "थांब जरा, वेल्ह्याची माणसं दिसतायत. मागे दोन सीट मोकळ्या आहेत की."

सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, ही काय वडाप आहे का?"

मार्गासनी येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. त्या शांततेत माझ्या डोक्यात जे सुरू झालं, ते घरी येऊन नीट जुळवलं. तोच हा लेख.

जाहिरातीत जिला 'फॅमिली गाडी' म्हणतात, तिची एक वंशावळ अमेरिकेतली. 1983 च्या नोव्हेंबरात क्रायस्लर कंपनीच्या पहिल्या मिनीव्हॅन कारखान्यातून बाहेर पडल्या. उपनगरातलं घर, आई-बाप, दोन-तीन मुलं आणि आठवड्याचा बाजार, असा त्यांचा हिशोब. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात, 14 डिसेंबर 1983 ला, आपल्याकडे पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हातात पडली. त्यानंतर वर्षभरात मारुती व्हॅन आली, पुढे जिचं नाव ओम्नी झालं. तेच 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, आणि बाजूला सरकते दरवाजे. शाळेची मुलं, रुग्णवाहिका आणि हिंदी सिनेमातली अपहरणं, सगळ्यांना ती 2019 पर्यंत पुरली.

पण आमच्या भागातली वंशावळ वेगळी आहे. भोर संस्थान 8 मार्च 1948 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी 1 जूनला पहिली एसटी नगरहून पुण्याला धावली. पण भोर-वेल्ह्याचा मुलूख डोंगरांचा. त्यात धरणं. भाटघरसारख्या धरणाच्या फुगवट्याला वळसा घालायचा म्हटलं की समोर दिसणारं गावही लांब जातं. अशा गावांना एसटी म्हणजे बहुतेक मुक्कामी गाडी. संध्याकाळी येणार, रात्री गावात झोपणार, पहाटे जाणार. ती चुकली की चालत. बाबांनी ही चाल भरपूर केलीय.

ही पोकळी भरली जीपने, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या पुण्याच्याच. 1958 मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पोने जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी काढली, आणि 'टेम्पो' हे कंपनीचं नाव मराठीत वाहनाचंच नाव होऊन बसलं. मग आकुर्डीच्या कारखान्यातली मॅटॅडोर, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे ट्रॅक्स. 1994 मध्ये टेल्कोची सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावातली पहिली दोन-दोन अक्षरं म्हणजे सु-मो. मागे समोरासमोर बाकडी, त्यामुळे "सरका की जरा, अजून दोघं बसतील" हे कायम शक्य. कागदावर नऊ-दहा सीट, आत किती ते मोजायचं नाही. ड्रायव्हर अर्धा बाहेर. हीच वडाप.

कायद्याने हे चूकच. टप्प्याटप्प्यावर माणसं चढवायची-उतरवायची ती टप्पा वाहतूक, तो अधिकार एसटीचा. जीपवाल्याने एका पार्टीला ठरवून न्यायचं, बस्स. म्हणून पेपरात वडापचं नाव कायम 'अवैध प्रवासी वाहतूक' असंच. जीव धोक्यात घालून लोक लटकायचे हेही खरं, उगाच गोडवे गात नाही. पण दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं त्याच गाडीवर चालायचं.

मग 2000 साली क्वालिस आली. मूळची इंडोनेशियातली किजांग. पुण्यात कॉल सेंटरच्या पिकअपला हीच गाडी असायची, आणि आमच्यापैकी कितीजणांनी तिच्यात झोपा काढल्यात! 2005 मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली, 2012 मध्ये एर्टिगा आली. बाकडी गेली. तिसरी रांग पुढे तोंड करून बसली, प्रत्येकाला बेल्ट मिळाला. चांगलंच झालं. पण त्याबरोबर पिवळी पाटी पांढरी झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड होस्टिंगचा डेडिकेटेड सर्व्हर झाला, आणि त्याची अर्धी कपॅसिटी नुसती पडून आहे. मोठ्या कुटुंबासाठी म्हणून गाडी घ्यायची आणि रोज एक माणूस, एक लॅपटॉप घेऊन हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं.

असो. देवीला नारळ फोडला. परतताना विंझरजवळ एक म्हातारं जोडपं उभं होतं, बरोबर तांदळाचं पोतडं. या वेळी बाबांनी काही म्हणायच्या आत मी थांबलो. खरं सांगायचं तर बाबांची शांतता परत नको होती. पोतडं डिकीत, मुलगी हौसेने मागे गेली, तिच्या शेजारी आजोबा बसले आणि आजी मध्ये आईजवळ. आई आणि आजींचं लगेच माहेर-सासर निघालं. लांबचं कुठलंतरी नातंही सापडलं.

चेलाडीला उतरताना आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि नोटा मोजायला लागल्या. मी म्हणालो, "आजी, पैसे नको. ही घरची गाडी आहे."

त्या थोड्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "पैसे घेत न्हाईस, तर पुढच्या बारीला तुला हात कसा करायचा रं?"

मी नुसता हसलो. बाबा मात्र हसले नाहीत. वडापमध्ये दाटीवाटीने का होईना, पैसे मोजले की जागा हक्काची असायची. माझ्या गाडीत ती माझ्या मर्जीची झाली. आजींना हा फरक एका वाक्यात कळला, मला त्यासाठी अख्खा लेख लिहावा लागला.

सीटवरचं प्लॅस्टिक त्याच रात्री काढून टाकलं. आजींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही.