विशेष शिक्षणांतील डॉक्टरेटचा लौकिक

एखाद्या विद्यापीठाच्या डॉक्टरेटचें नांव कशामुळें होतें, हा प्रश्न विद्वानांच्या बैठकींतला वाटेल. परंतु दहिवडी-म्हसवडकडील एखाद्या वाडींत ज्या घरचें चार वर्षांचें मूल अजून उठून बसत नाहीं, त्या घराशींही त्याचा संबंध पोंचतो.

अमेरिकेंत विशेष शिक्षणाच्या उच्च अभ्यासाला प्रतिष्ठा आली ती बऱ्याच अंशीं सरकारी पैशानें. ज्यांना त्या काळीं मतिमंद म्हणत, अशा मुलांच्या शिक्षकांना शिकविणारे अध्यापक तयार व्हावेत, म्हणून १९५८ सालीं तेथें अनुदानाचा कायदा झाला. पैशाला माणसांचीही जोड मिळाली. इलिनॉय विद्यापीठांतील सॅम्युएल कर्क यांनीं १९६३ सालीं शिकागोच्या एका परिषदेंत पालकांसमोर ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा मांडली व ती रूढ झाली. असा गुरु जेथें, तेथें विद्यार्थी जाणारच.

आपल्याकडे क्रम उलटा. शाळा आधीं, विद्यापीठ मागाहून! मुंबईंत जय वकील शाळा १९४४ सालीं निघाली, पुण्यांत कामायनी १९६४ सालीं. मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत शाळा काढली, ती स्वतःच्या मुलीला मेंदूचा पक्षाघात होता म्हणून. पुढें वीसांहून अधिक वर्षें लोटल्यावर त्यांनीं लंडन विद्यापीठांत प्रबंध सादर केला. पदवी लंडनची, पण विषय येथला, म्हणजे आपली अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेली बालविकास योजना सहा वर्षांखालील मुलांसाठीं होती. तरी अपंग मूल प्रत्यक्षांत तिच्या बाहेरच राहतें, हें त्यांनीं दाखविलें. त्या प्रबंधाचें वजन, माझ्या मतें, लंडनच्या ग्रंथालयाइतकेंच मुंबईंतील त्या शाळेचें आहे.

कर्व्यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू येथील आवारांत आज विशेष शिक्षणाचा विभाग आहे. अशा विभागाची परीक्षा छापलेल्या निबंधांच्या संख्येवर करण्याची हल्लीं रीत पडली आहे. ती मला अपुरी वाटते. तेथून बाहेर पडलेले पदवीधर कोठें गेले व त्यांनीं कोणाला शिकविलें, हें आधीं विचारावें. माणदेशांतील मेंढपाळ कुटुंबें वर्षांतील कित्येक महिने मेंढ्यांमागें दूर जातात. त्यांच्यांतील ऐकूं न येणाऱ्या मुलाचें नांव कोणत्या गांवच्या पटावर घालावयाचें, हा प्रबंधाचा विषय होऊं शकतो. मात्र त्यासाठीं विद्यार्थ्याला त्या वाड्यावर राहावें लागेल, आणि तशी मोकळीक देणारा मार्गदर्शकही लागेल.